बोअरचं पाणी सुरू केल्यापासून चिलर ट्रिप, कूलिंग टॉवरचं काय करावं?

मोल्डशॉप_वाळूज:
नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत प्लास्टिक मोल्डिंगचं शॉप आहे, 100 टीआरचा (टन रेफ्रिजरेशन, थंड करायची क्षमता) वॉटर कूल्ड चिलर आणि त्याचं गरम पाणी थंड करायला एफआरपीचा (फायबरचा) टॉवर. जायकवाडीचं पाणी पुरेसं येत होतं तोवर काही त्रास नव्हता, उन्हाळ्यात सप्लाय कमी झाला म्हणून बोअरचं मिक्स करायला लागलो आणि तेव्हापासून दुपारी दोन-तीन वाजले की चिलर हाय प्रेशरवर ट्रिप होऊन बंद पडतो. स्ट्रेनर उघडला की अंड्याच्या टरफलासारख्या पांढऱ्या खपल्या, फिलवर (टॉवरमधल्या पाणी पसरवणाऱ्या जाळ्यांवर) हिरवं बुळबुळीत शेवाळ. केमिकलवाला म्हणतो डोस डबल करा, एक जण पाइपला मॅग्नेट लावा म्हणून मागे लागलाय, साहेब म्हणतात सॉफ्टनर (पाण्याचा जडपणा काढणारं यंत्र) घेऊन टाकू. नक्की काय करायचं?

पाईपरिंच:
मॅग्नेटवाल्याला चहा पाजा आणि वाटेला लावा. आधी ती खपली बशीत घेऊन तिच्यावर डायल्यूट ॲसिडचे दोन थेंब टाका (हातमोजे, चष्मा घालून). जोरात फसफसली तर कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे निघेल. ढिम्म राहिली तर सिलिका असू शकते आणि मग अवघड आहे, ती साध्या ॲसिडला दाद देत नाही. आपल्याकडे खाली सगळा काळा पाषाण, बोअरला हार्डनेससोबत (पाण्याचा जडपणा) सिलिका येतेच. आणि चुन्याचं उलटं असतं बघा, पाणी जितकं गरम तितका तो कमी विरघळतो, म्हणून जास्तीत जास्त स्केल (खपली) कंडेन्सरच्या ट्यूबमध्येच धरतो, म्हणजे चिलरची उष्णता पाण्यात जाते नेमकं तिथेच, आणि उष्णता अडली की प्रेशर चढतं.

टीडीएसमामा:
रिपोर्ट टाका राव, त्याशिवाय सगळे अंधारात तीर. मेकअप (नवीन भरता ते पाणी) आणि बेसिन (टॉवरखालच्या टाकीतलं) दोन्हीचं क्लोराइड, हार्डनेस, सिलिका, पीएच. आणि ब्लोडाउन (क्षार साठलेलं पाणी सोडून देणं) किती करता?

मोल्डशॉप_वाळूज:
खपली फसफसली, पण थोडा चुरा तसाच राहिला. लॅबचा रिपोर्ट:
मेकअप (मिक्स) क्लोराइड 90, हार्डनेस 380, सिलिका 45, पीएच 7.8
बेसिन क्लोराइड 540, हार्डनेस 1500, सिलिका 210, पीएच 8.9
सगळं पीपीएममध्ये, पीएच सोडून. ब्लोडाउनचं म्हणाल तर टँकर महाग पडतो म्हणून वॉल्व्ह उघडायचा नाही अशी वरून ऑर्डर आहे. हायपो (क्लोरीनचं द्रावण) टाकत नाही, केमिकलवाल्याचं बायोसाइड (शेवाळ-जंतू मारणारं) आठवड्याला एकदा.

टीडीएसमामा:
झालं, रोग सापडला. क्लोराइड कुठे बसत नाही, ते पाण्यातच राहतं, त्यामुळे 540 भागिले 90, तुम्ही 6 सायकलवर चालताय, म्हणजे पाणी आटून क्षार मूळच्या 6 पट झालेत (हायपो टाकत असता तर हा आकडा फसवा निघाला असता, कारण हायपोतूनही क्लोराइड येतं). मग हार्डनेस 2280 दिसायला पाहिजे होता, दिसतोय 1500. मधला 780 कुठे गेला? ट्यूबमध्ये. सिलिका 270 पाहिजे होती, 210 आहे, म्हणजे तीही बसायला लागलीय, तो उरलेला चुरा तोच असणार. ढोबळ हिशोबाने सिलिका 150 च्या खाली ठेवायची, म्हणजे या पाण्यावर तुम्हाला 3 सायकलच्या वर जाताच येत नाही.

आता सॉफ्टनर. त्याने हार्डनेस जाईल पण सिलिका जशीच्या तशी येणार, मग सायकल 3 च राहिल्या ना? घ्यायचा तर घ्या पण त्याने पाणी वाचेल या भ्रमात साहेबांना ठेवू नका. पाण्याचा हिशोब असा: सर्क्युलेशन अंदाजे तासाला 70 घनमीटर धरलं आणि 5 डिग्रीचा फरक, तर वाफ होऊन तासाला साधारण 535 लिटर जातं. ब्लोडाउन म्हणजे वाफ भागिले (सायकल वजा एक). 6 ला 107 लिटर, 3 ला 268. तासाला 160 लिटर पाणी वाचवायला तुम्ही कॉम्प्रेसर जास्त प्रेशरवर रगडताय, वर ट्रिप झाला की मशीन उभं. लाइट बिल काढून साहेबांसमोर ठेवा. आणि डोस डबल करून काही होणार नाही, अँटीस्केलंट (खपली बसू न देणारं केमिकल) क्षारांना एका मर्यादेपर्यंतच धरून ठेवतं.

पाईपरिंच:
+1. साफ करताना इनहिबिटर (धातू वाचवणारं केमिकल) घातलेलंच ॲसिड घ्या नाहीतर कॉपर ट्यूबच खाऊन टाकेल, आणि टॉवर बायपास करून फक्त कंडेन्सरमध्ये फिरवा. फेस यायचा थांबला आणि पीएच वर चढेनासा झाला की बास. सिलिका उरली तर मग ब्रश.

अर्धाइंची:
शेवाळाकडे कोणी बघतच नाहीये. 8.9 पीएचला क्लोरीन टाकून फारसा उपयोग नाही, 7.5 लाच त्याची निम्मी ताकद गेलेली असते. ब्रोमीनवालं घ्या, आणि आत्ताचं जे आहे ते आलटून पालटून, एकच बायोसाइड वर्षभर नको. फिल धुताना पोरांना चांगला मास्क द्या, टॉवरच्या तुषारातून लिजिओनेला नावाचा जंतू पसरतो, 1976 ला फिलाडेल्फियातल्या हॉटेलात माजी सैनिकांच्या (अमेरिकन लीजन) संमेलनात जे लोक न्यूमोनियाने दगावले ते त्यानेच, नावही तिथूनच पडलं. आपल्याकडे टॉवरखाली उभं राहून डबा खाणारे पाहिलेत मी.

मोल्डशॉप_वाळूज:
मामा, 268 चा आकडा साहेबांना दाखवला, वॉल्व्ह उघडायला तयार झाले. आता प्रश्न असा की हे पाणी बाहेरच्या गटारात सोडलं तर चालेल का? की झाडांना?

टीडीएसमामा:
गटारात अजिबात नको, त्यात बायोसाइड आणि केमिकल आहे. झाडांनाही नको, जळतील. प्रदूषण मंडळाच्या कन्सेंटमध्ये (परवान्यात) काय लिहिलंय बघा आणि ईटीपीला (सांडपाणी शुद्ध करणारा प्लांट) द्या, पण ईटीपीवाल्याला आधी विचारा, बायोसाइड मारलं त्या दिवशी ब्लोडाउन सोडलं तर त्याचे बॅक्टेरिया मरतात आणि मग तो तुमच्या दारात भांडायला येतो.