'साकोकु'ला मराठीत काय म्हणावं?

तोकुगावा काळातल्या (१६०३ ते १८६८) जपानवर लेख लिहितेय. जपानने स्वतःला जगापासून तोडून घेण्याचं जे धोरण राबवलं, त्या 'साकोकु'ला 'नाकेबंदी' लिहिलं होतं, संपादकांनी फुली मारली. 'कुलूपबंद देश' वाचायला बरं वाटतं, पण पटत नाही. काही सुचतंय का?

— ताई, फुली योग्यच आहे. नाकेबंदी शत्रू करतो. इथे घरच्यांनीच दार लावून घेतलं होतं. 'सा' म्हणजे साखळी किंवा कुलूप, 'कोकु' म्हणजे देश, तेव्हा 'कुलूपबंद देश' शब्दशः बरोबर. गंमत अशी, की दार लावणाऱ्या शोगुनांना (जपानच्या लष्करी शासकांना) हा शब्द ठाऊकच नव्हता. हुकूम निघाले १६३०च्या दशकात, शब्द जन्मला १८०१ मध्ये. वलंदेजांच्या (डचांच्या) वखारीत राहून गेलेल्या केंप्फर नावाच्या जर्मन वैद्याचा एक लेख नागासाकीच्या शिझुकी तादाओने जपानीत आणला, तेव्हा त्याने तो घडवला.

— शिवाय कुलूप तरी कसलं? नागासाकीत देजिमा हे पंख्याच्या आकाराचं चिमुकलं कृत्रिम बेट होतं, गावाशी जोडणारा पूल एकच. १६४१ पासून वलंदेज तिथे. चिनी जहाजंही नागासाकीला लागत. बाकीचे व्यवहार सरदारांच्या जहागिऱ्यांमार्फत: कोरियाशी त्सुशिमामार्फत, र्‍युक्यू बेटांशी सात्सुमामार्फत, उत्तरेच्या ऐनू लोकांशी मात्सुमाएमार्फत. किल्ल्याचा मोठा दरवाजा बंद असला तरी दिंडी उघडी असते ना, तसं.

— 'काइकिन' हा जुना शब्द बघा: 'काइ' समुद्र, 'किन' मनाई. याला मराठीत तयार शब्द आहे, सिंधुबंदी! सावरकरांच्या सात स्वदेशी बेड्यांतली एक. फरक एवढाच, की आपल्याकडे समुद्र ओलांडला तर प्रायश्चित्त, नाहीतर वाळीत. तिथे १६३५च्या हुकुमाने परदेशी जाऊन परतणाऱ्याला थेट देहदंड.

सिंधुबंदी झकास! पण बाहेरच्यांना येऊ न देणं त्यात येत नाही. शीर्षकाला सिंधुबंदी, आत दिंडीचा दाखला, असं करते. आणि 'बाकुफु', म्हणजे शोगुनांचं सरकार? त्याला 'लष्करी राजवट' लिहिलंय.

— लिहा, पण वाचकाला रातोरात झालेला उठाव आठवेल. 'बाकु' म्हणजे सेनापतीच्या तळाभोवतीची कनात, 'फु' म्हणजे कचेरी. कनातीतली कचेरी! शिमाबाराचं बंड १६३८ मध्ये मोडल्यावर दोनशे वर्षं मोठी लढाई नाही, त्यामुळे तलवार कमरेला लावून कित्येक सामुराई कागदच खरडत होते. सम्राट क्योतोत, कारभार एदोत (आजच्या टोकियोत). सातारा आणि पुणे म्हटलं की मराठी वाचकाला चटकन कळतं. मी तर 'शोगुनशाही'च लिहीन.

— जाता जाता, ताई, डचांना 'वलंदेज'च ठेवा. आपण तो शब्द पोर्तुगीजांकडून घेतला, जपान्यांनीही 'ओरांदा' त्यांच्याकडूनच उचलला. १६३९ मध्ये पोर्तुगीजांना हाकललं, पण त्यांच्या वैऱ्याचं नाव मात्र त्यांनीच दिलेलं राहिलं.