दापोलीकर ॲग्री (सर्व बॅचेस): पान ३७ आणि तारीख

शुक्रवार

बाबल्या ८९ केळशी (सकाळी ६.११): मास्तर, माजी विद्यार्थी मेळाव्याच्या परिचय-पुस्तिकेचा कच्चा मसुदा पाहिला. पान ३७. माझ्या नावापुढे 'कृषी उद्योजक' कोणी लिहिलं? मी असं काही भरलेलं नाही. मी शेतकरी आहे. तेवढंच छापा.

मास्तर ८६ (६.४०): सुप्रभात बाबल्या. तू फॉर्ममध्ये 'इतर'वर टिक केली होतीस. छापील पुस्तिकेत 'इतर' कसं दिसेल? म्हणून जरा बरं लिहिलं. सन्मानानेच लिहिलंय 🙏

बाबल्या ८९: 'इतर' केलं कारण शेती हा पर्यायच नाही. नोकरी, व्यवसाय, निवृत्त, परदेशी, गृहिणी, इतर. कृषी पदवीधरांचा फॉर्म आणि शेती 'इतर'मध्ये!

घाटी ९७ कराड: 😂😂 भावा, पॉइंट आहे

घाटी ९७ कराड: आणि 'परदेशी' हा कुठला धंदा?

टेक्सास ९६: मी तेच भरलंय, हसू नका.

खजिनदार ९४: सर्वांना नमस्कार. स्नेहमेळावा २७–२८ जुलै (शनि-रवि), दापोली. वर्गणी रु. १,५०० प्रति व्यक्ती. ज्यांची बाकी आहे त्यांनी लवकर भरावी. स्क्रीनशॉट मला वैयक्तिक पाठवावा, ग्रुपवर टाकू नये. 🙏

अक्का ९२: २८ नको.

घाटी ९७ कराड: (स्क्रीनशॉट)

खजिनदार ९४: ग्रुपवर नको म्हटलं होतं.

वाशी ०३: मास्तर सर, माझा परिचय फार कापलाय. मी दीड पान दिलं होतं, तीन ओळी आल्यात. कृपया एवढं तरी घ्या: २००७ ला आपल्या आंब्याला अमेरिका उघडल्यापासून एक्स्पोर्टमध्ये. विकिरण, युरोपसाठी ४८ डिग्रीच्या पाण्यात ६० मिनिटं, सगळं स्वतः उभं राहून शिकलो. १ मे २०१४ ला फळमाशीपायी युरोप बंद झाला तेव्हा ऐन सीझनला माल हातात होता. जानेवारी २०१५ ला बंदी उठली. तोवर टिकून राहिलो हे महत्त्वाचं. नव्या मुलांना प्रेरणा मिळेल.

बाबल्या ८९: तू टिकलास. त्या मे महिन्यात माझ्या पेटीला काय दर लावलास तेही पुस्तिकेत टाक. मुलांना प्रेरणा मिळेल.

वाशी ०३: दादा, मार्केट पडलं होतं. मी काय घरून देणार होतो?

बाबल्या ८९: आणि कर्नाटकचा आंबा आमच्या पेटीत भरून विकतात तेव्हा मार्केट कुठे असतं?

वाशी ०३: मी तसलं कधी केलेलं नाही. शब्द मागे घ्या.

बाबल्या ८९: तुला कोण म्हणालं? मी मार्केटला म्हणालो. टोपी बसली तर घाल.

वाशी ०३: (हा मेसेज डिलीट केला आहे)

घाटी ९७ कराड: वाचला मी 👀

मास्तर ८६: कृपया वैयक्तिक नको. आपण सगळे एकाच मेसचं आंबलेलं सांबार खाल्लेले आहोत.

भाई ९१ कुडाळ: सांबाराचा सोडा, मेळाव्याक जेवणाचा काय ता सांगा. मागच्या वेळाक पनीर वाढल्यानी. दापोलीत येऊन पनीर!

घाटी ९७ कराड: भाई, हर्णैचा लिलाव लावू की संध्याकाळी, आहे काय त्यात.

भाई ९१ कुडाळ: ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असता रे घाटया. लिलाव कसलो? सुकट खातलस?

टेक्सास ९६: जुलै माझ्यामुळे ठेवलाय, सॉरी. पोरांच्या शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात. डिसेंबरात तिकीट दुप्पट.

चिमणी ०१: सर मी पण मसुदा पाहिला. मला 'गृहिणी'च्या यादीत टाकलंय. ११ वर्षं परवानाधारक रोपवाटिका चालवते मी. आत्ता ओट्यावर बसलेय, समोर चारजणी कोय कलमं बांधताहेत. कोय उगवून पानं तांबडी-कोवळी असतात तेवढ्याच दिवसांत पाचर बसते, हिरवी झाली की गेलं. जुलैत हे काम दोन दिवस टाकून मी येऊ शकत नाही. आणि हे कलम बांधायला दापोलीनेच शिकवलं, म्हणून जास्त राग आला.

मास्तर ८६: चिमणे, क्षमस्व. तुझा फॉर्म मिस्टरांच्या नंबरवरून आला होता. त्यात तसं होतं.

चिमणी ०१: मग त्यांना 'इतर'मध्ये टाका.

बाबल्या ८९: 👏👏

नाना ७१: (व्हॉइस मेसेज, ४ मिनिटं १२ सेकंद)

घाटी ९७ कराड: नाना, थोडक्यात लिहून टाका ना, बसमध्ये आहे.

नाना ७१: बरं. लिहितो. चुकभूल माफ. मी ७१ ला बाहेर पडलो तेव्हा विद्यापीठ नव्हतं, कॉलेज होतं. विद्यापीठ १८ मे १९७२ चं. तेव्हा मी दुष्काळाच्या कामावर होतो. पुढे सगळी नोकरी पंचायत समिती आणि फाइली. पण १९९० ला रोजगार हमीतून फळबाग आली, शंभर टक्के अनुदान, ते दिवस मी विसरत नाही. कातळाच्या उतारावर मीटर बाय मीटर बाय मीटर खड्डे. दहा मीटरवर एक कलम. लोक म्हणायचे साहेब यात फक्त पाऊस साठेल. मंडणगडकडे जाताना एका टेपावरची झाडं मी खड्डा आखण्यापासून पाहिलीत. आता कधी गेलो की एस. टी. तून बोट करून दाखवतो. शेजारच्या माणसाला त्याचं काही नसतं. माझ्या परिचयात हुद्दा लिहू नका. तेवढी टेकडी लिहा.

मास्तर ८६: नाना 🙏 जसंच्या तसं घेतो.

वाशी ०३: नानांचं अख्खं घेणार आणि माझं तीन ओळी. ठीक आहे.

अक्का ९२: २८ नको.

खजिनदार ९४: सर्वांना नमस्कार. स्नेहमेळावा २७–२८ जुलै (शनि-रवि), दापोली. वर्गणी रु. १,५०० प्रति व्यक्ती. ज्यांची बाकी आहे त्यांनी लवकर भरावी. आतापर्यंत ६३ जणांचे आले आहेत. अक्का, तुमचे आले आहेत, पावती पाठवली आहे.

ज्युनिअर १३: नमस्कार. मी सहसा लिहीत नाही. मास्तर सरांनी तीनदा फोन केला म्हणून परिचय देतो. २०१३ पास. सहा वर्षं पुण्यात एमपीएससी. एकदा मुख्य, एकदा मुलाखत, दोन मार्क कमी. आता चिपळूणला खत-बियाण्यांचं दुकान, भागीदारीत. लग्न व्हायचंय. यात पुस्तिकेत छापण्यासारखं काही नाही असं मला वाटतं, म्हणून फॉर्म भरला नव्हता.

घाटी ९७ कराड: भावा दोन मार्क म्हणजे काय हे मला विचार. मी पण तिथूनच परत आलोय. आता बँकेत पीककर्जाच्या फाइली उलटतो.

भाई ९१ कुडाळ: दुकानात कल्टार, आंब्याच्या मोहराचा औषध, ठेवतस काय रे? दर काय लावतस?

ज्युनिअर १३: ठेवतो सर. पण झाडाचा घेर न बघता ओतणाऱ्यांना देत नाही. परवा एकजण दहा वर्षांच्या कलमाला अंदाजाने घालायला निघाला होता. भांडून परत पाठवला.

बाबल्या ८९: हे छाप मास्तर. हे छापण्यासारखं आहे.

मास्तर ८६: घेतो. दापोलीचा रत्ना आंबा १९८१ ला आला आणि ८२ ला आम्ही प्रवेश घेतला. सर वर्गात फोड कापून दाखवायचे, बघा, हापूससारखा आत पांढरट साका नाही. त्या फोडीसाठी मी पहिल्या बाकावर बसायचो. पुढच्या नोकरीत तसं काही खायला मिळालं नाही.

घाटी ९७ कराड: आणि आमच्या वेळी सिंधू आंबा आला होता. बाठ कागदासारखी. आमच्या बॅचच्या डोक्यासारखी 😂

चिमणी ०१: बाबल्यादादा, तुमचा परिचय पण नीट द्या की. नुसतं शेतकरी म्हणून काय कळणार?

बाबल्या ८९: काय देऊ? ३ जून २०२० ला सकाळी नारळ-सुपारीची बाग होती. संध्याकाळी आडवी. वडिलांनी लावलेली. वारा थांबल्यावर बागेत चालायला वाट नव्हती, पोफळीवरून पोफळी ओलांडत विहिरीपर्यंत जायला मला अर्धा तास लागला. पोफळ धरायला ७–८ वर्षं. मी तेव्हा त्रेपन्नचा होतो. परत लावली. मधे कोकण तेज दालचिनी लावली, ती बरी आहे. मुलगा म्हणतो विका. विकलेली नाही. संपला परिचय.

(काही वेळ कुणी लिहीत नाही.)

टेक्सास ९६: दादा, निसर्ग वादळानंतर मी तुम्हाला फोन केला नाही. करायचा राहिला, राहिला आणि मग लाज वाटू लागली.

बाबल्या ८९: लाईट दीड महिना नव्हती. केला असतास तरी लागला नसता. सोड.

खजिनदार ९४: सर्वांना नमस्कार. स्नेहमेळावा २७–२८ जुलै (शनि-रवि), दापोली. वर्गणी

खजिनदार ९४: चुकून अर्धा गेला.

अक्का ९२: २८ नको.

टेक्सास ९६: अक्का, प्लीज समजून घ्या, माझं तिकीट झालंय. पावसाचं म्हणाल तर हॉलमध्येच आहे सगळं.

ज्युनिअर १३: अक्का, २८ ला काही कार्यक्रम आहे का तुमच्याकडे?

मास्तर ८६: थांबा जरा.

मास्तर ८६: चूक माझी. तारीख मी ठरवली आणि माझ्याच लक्षात आलं नाही. २०१८. तेव्हा शनिवार होता. विद्यापीठातली आपली माणसं बस करून महाबळेश्वरला निघाली होती. आंबेनळी घाटातला अपघात.

घाटी ९७ कराड: अरे देवा. २८ जुलै.

चिमणी ०१: 🙏

अक्का ९२: त्यांच्यातल्या काहींचे नंबर अजून फोनमध्ये आहेत. फोन तीनदा बदलला. दर वेळी सगळ्यांबरोबर तेही नव्या फोनमध्ये येतात. त्या दिवशी कॅम्पसवर गाण्यांच्या भेंड्या नकोत एवढंच.

टेक्सास ९६: अक्का, चुकलो. मी तिकीट बदलतो. पैसे जातील तर जाऊ देत.

अक्का ९२: बदलू नकोस. तू ये. घरी जेवायला ये. मेळावा दुसऱ्या दिवशी घ्या.

भाई ९१ कुडाळ: दिवाळीनंतर घेया. मासे पण मिळतले.

चिमणी ०१: मला चालेल. कलमंही आटपतील.

वाशी ०३: नोव्हेंबर बेस्ट. माझा सीझन नसतो. बाबल्यादादा, मघाचं मनावर घेऊ नका. २०१४ ची थोडी बाकी निघते माझ्याकडून, हिशेब बघून कळवतो.

बाबल्या ८९: दहा वर्षांनी आठवलं? बघ.

मास्तर ८६: नोव्हेंबर नक्की. तारीख आधी अक्काला विचारून मगच इथे टाकतो. आणि फॉर्ममध्ये 'शेती' पर्याय घातला आहे, सगळ्यात वर. 'परदेशी' काढला आहे.

टेक्सास ९६: मग मी काय भरू?

घाटी ९७ कराड: इतर.

खजिनदार ९४: सर्वांना नमस्कार. स्नेहमेळावा २७–२८ जुलै (शनि-रवि), दापोली. वर्गणी रु. १,५०० प्रति व्यक्ती.

चिमणी ०१: अहो दादा, वरचं वाचा आधी.

खजिनदार ९४: मी गाडी चालवत होतो. काय झालं?

मास्तर ८६: फोन करतो तुला. बाकी सर्वांनी फॉर्म कृपया पुन्हा भरावा, आधीचे धरले जाणार नाहीत.

नाना ७१: पुन्हा? मला तो उघडतच नाही. मागच्या वेळी नातीने भरला, ती आता हॉस्टेलला गेली.