नॅलोक्सोन कुणाच्या हाताशी हवं?

नॅलोक्सोन म्हणजे ओपिऑइडच्या (हेरॉइनसारख्या अफूच्या जातीच्या नशेच्या) ओव्हरडोसवरचं उतारा-औषध, नाकात स्प्रे मारूनही देता येणारं. ते सहज मिळालं की लोक बिनधास्त नशा करतील, हे म्हणणं काही पटत नाही. त्याने शुद्धीवर येणारा माणूस बऱ्याचदा घामाघूम, ओकाऱ्या काढत, चिडूनच उठतो. त्याच्या भरवशावर कोण ओव्हरडोस घेईल? शिवाय ओठ निळे पडून श्वास घरघरत असताना स्वतःच्या नाकात स्प्रे मारता येत नाही. तो आसपासच्यांकडेच हवा. अमेरिकेत २०२३ पासून ४ मिलिग्रॅमचा स्प्रे चिठ्ठीशिवाय मिळतो (परवडतो का, हा वेगळाच प्रश्न!). आणि हो, त्याचा असर ३० ते ९० मिनिटांत ओसरतो. शरीरात जास्त वेळ टिकणारं ओपिऑइड असेल तर श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून डोळे उघडले तरी अँब्युलन्स बोलवायचीच.