अनुभव धागा : शाळेचं माप कोण घेतं?

'एक राज्य, एक गणवेश' आठवतंय ना? राज्यभरच्या सरकारी शाळांना सरकारकडूनच एकसारखा गणवेश, ती योजना. 2024-25 ला सुरू झालं आणि वर्ष सरायच्या आत, डिसेंबरातच, निर्णय फिरून गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे आला. शाळेतलं काय गावाने ठरवावं आणि काय मुंबईतून ठरावं, यावर मतं खूप ऐकली. इथे अनुभव हवेत. शाळेचं, साहेबांचं नाव मात्र नको.

झेडपीची बाई, सातारा जिल्हा
आमची शाळा द्विशिक्षकी. आधी एका गणवेशाला तीनशे, दोनचे सहाशे रुपये समितीच्या खात्यात यायचे. शिंपीदादा व्हरांड्यात बसून एकेकाचं माप घ्यायचे. त्या वर्षी गठ्ठा आला तो स्वातंत्र्यदिन उलटून गेल्यावर, आणि मापं इयत्तेप्रमाणे! तिसरीतला एक काडीपैलवान आठवडाभर प्रार्थनेला उभा राहिला तो दोन्ही हातांनी पँट धरून. हात जोडा म्हणायची माझीच हिंमत होईना. चौथीतल्या दोघींना बाह्या चढेनात. दुसऱ्या, स्काउट-गाइडच्या गणवेशाचं नुसतं कापड आलं, शिलाईला शंभर रुपये. शिंपीदादा हसले, "बाई, दोरा, बटणं, काजं धरली तर माझ्या हातात काय?" शेवटी कमी पडलेले पैसे आम्ही दोघा शिक्षकांनी घातले. असं घालायचं असतं, हेही कुठल्या जीआरमध्ये नसतं.

माजी अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती
बाई, तुमचं खरं, पण गावाचं इतकं गोड चित्र नको. कायद्याने समितीत 75 टक्के पालक, निम्म्या बायका. आमच्याकडे रजिस्टर घरोघरी फिरायचं आणि चुलीपुढून उठून बायका सह्या करायच्या. समिती म्हणजे अध्यक्ष, अन् अध्यक्ष मी. गणवेशाचं दुकान सरपंचांच्या पाहुण्याचं. मला 'नाही' म्हणता आलं नाही. पहिल्याच धुण्यात शर्टाचा निळा रंग बादलीत उतरला. पोरांच्या बनियनीसुद्धा निळ्या झाल्या. आज लिहितानाही लाज वाटते.

ऊसतोडीच्या घरातला, बीड
मला सरकारचा उपकार आठवतो तो बालभारतीच्या पुस्तकांचा. दिवाळी झाली की आमचा कोयता, म्हणजे ऊस तोडायला आई-बाप, निघायचा. कोल्हापूरकडे कारखान्याच्या तळावर झोपडी, जवळच्या शाळेत मागच्या ओळीत जागा. भाषा मराठीच, पण त्यांचं बोलणं निम्मं कळायचं नाही, पोरं माझ्या बोलण्याला हसायची. गुरुजींनी पुस्तक उघडलं, तर तेच पुस्तक! तेच चित्र! फक्त ते चार धडे पुढे. गावोगावी वेगळी पुस्तकं असती, तर मी दर वर्षी दोनदा नापास झालो असतो.

धाकटी बहीण मात्र गावातच राहिली. ऊसतोडीला गेलेल्यांच्या पोरांसाठी हंगामी वसतिगृह होतं, ते चालवायची शाळेची समितीच. कोणाची आई कधी निघाली, रात्री कोण रडतं, हे स्वयंपाकाच्या मावशींना ठाऊक असायचं. राज्याने पैसे द्यावेत, पण हे काम गावाचंच.

शिक्षक, चंद्रपूर
थोडक्यात. विदर्भात शाळा उन्हामुळे जूनअखेरीस उघडतात, म्हणजे सगळ्या राज्याला एक माप बसत नाही हे सरकारलाही मान्य आहे. तरी 2025 ला पहिली ते नववीच्या वार्षिक परीक्षेचं राज्यभर एकच वेळापत्रक, 25 एप्रिलपर्यंत. पेपर सकाळी, पण घरी जाताना ऊन डोक्यावरच. वर पत्रा, पंखा फिरला तर फिरला. आम्ही माठ भरून ठेवले आणि निकालासाठी रात्री पेपर तपासत बसलो.

झेडपीची बाई, सातारा जिल्हा
अध्यक्षदादा, तुमचं वाचून राग नाही आला, धास्ती वाटली. आता पैसे परत समितीकडे आलेत. म्हणून पालकसभेच्याच दिवशी शिंपीदादांना बोलावलं आणि कापडाचा तुकडा सगळ्यांसमोर बादलीत बुडवून पाहिला. रंग नाही गेला. काडीपैलवानाची कंबर तेवढी मी स्वतः मोजली.