मदत हवी आहे: रूटशिवाय कंटेनरमध्ये टेसरॅक्ट ५

मंडळी, नमस्कार. मी खानापूरचा, बेळगावात शिकतोय. आजोबांनी १९५६ पासून जपलेली सीमाप्रश्नाची कात्रणं टेसरॅक्टने (चित्रातली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) टाइप स्वरूपात आणतोय. कागद हात लावला की तुटतो, म्हणून घाई आहे. कॉलेजच्या सर्व्हरवर उबंटू २२.०४, त्यात टेसरॅक्ट ४.१ च मिळतो. मला ५ हवा आहे, पण माझ्याकडे रूट (प्रशासकाचे अधिकार) नाही. म्हणून पॉडमनने (कंटेनर, म्हणजे सर्व्हरच्या आत वेगळी बंदिस्त प्रणाली चालवणारं साधन) उबंटू २४.०४ ची इमेज ओढली, कारण त्यात टेसरॅक्ट ५ मिळतो; तर शेवटी ‘यूआयडी (वापरकर्ता क्रमांक) अपुरे’ म्हणून अडकलं. पाहिलं तर सबयूआयडी फाइलमध्ये (कुणाला किती जादा आयडी वापरता येतील त्याची यादी) माझ्या नावाची ओळच नाही. ६५,५३६ आयडींची ती ओळ रूटच घालू शकतो. यूजर नेमस्पेस (रूटशिवाय कंटेनर चालवू देणारी लिनक्सची सोय) मात्र चालू आहेत. मग माझ्या होम फोल्डरमध्येच पॉडमनसारखं दुसरं साधन अ‍ॅपटेनर बसवलं तर त्या ओळीवाचून भागेल ना? कंटेनरच्या आत ॲप्टने (उबंटूचा सॉफ्टवेअर बसवणारा प्रोग्राम) मराठीचा डेटा बसेल, की इमेज घरच्या लॅपटॉपवर बांधून एसआयएफ फाइल (अख्खी इमेज एकाच फाइलमध्ये) सर्व्हरवर न्यावी? कुणी केलं असेल तर कृपया नेमक्या कमांड सांगा.