प्रतिसाद: स्वतःला समजून घेणं म्हणजे लाड नव्हे

दादा, 'स्वतःची कीव करत बसलं की माणूस ढिला पडतो' हे तुमचं म्हणणं वाचलं. कीव आणि माया यांत फरक आहे, एवढ्यासाठी लिहितोय.

2017 मध्ये गुलाबी बोंडअळी आली तेव्हा पारोळ्याकडं आमचाही कापूस होता. बोंड बाहेरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि पिवळी पडलेली कवडी, म्हणजे खराब झालेला कापूस. महाराष्ट्रभर तेच चाललं होतं, पण मी रात्री खाटेवर पडून स्वतःलाच शिव्या घालायचो: बापाची जमीन तुला सांभाळता आली नाही. त्यानं ढिला नाही, पार गोठून गेलो. सकाळी वावरात जायला पाय उचलेना.

एकदा भाकरी थापता थापता मोठी माय म्हणाली, "शेजारना पोऱ्याले आसं बोलशी का रे भाऊ?" नसतो बोललो. त्याच्या बांधावर जाऊन बसलो असतो.

क्रिस्टिन नेफ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी हेच मांडलंय: स्वतःशी मऊ बोलणं, असं आपल्या एकट्याचंच होत नाही हे ध्यानात ठेवणं, आणि दुःख न दाबता, न फुगवता बघणं. मला दुसरं सगळ्यात उपयोगी पडलं. शेजाऱ्याशी बोललो, तर त्याचीही झोप उडालेली.

चूक झाली असेल तर ती सुधारावीच. फरदड ठेवायची नाही, म्हणजे हंगाम संपल्यावर जास्तीच्या वेचणीसाठी जुनी कपाशी वावरात उभी ठेवायची नाही, हे आम्ही त्याच वर्षी ठरवलं.

आणि कोणाला जगणंच नको वाटत असेल, तर माया-बिया नंतर. आधी 14416 वर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा, फुकट, रात्री-बेरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं.