‘घालणे’ला जपानीत किरु, हाकु की काबुरु?

शिकाऊ_एन५
शर्ट, चपला, टोपी, चष्मा, अंगठी, आपण सगळंच ‘घालतो’. जपानीत दरवेळी क्रियापद वेगळं. काही सूत्र आहे की नुसतं पाठांतर? आणि ‘तिने लाल बूट घातलेत’ला ‘आकाइ कुत्सु ओ हाकिमासु’ का चालत नाही?

चहाबाज
सूत्र शरीराचं आहे. धडावर चढतं ते किरु: शर्ट, कोट, किमोनो. कमरेखालचं हाकु: पँट, स्कर्ट, मोजे, बूट. डोक्यावरचं काबुरु: टोपी, हेल्मेट, पांघरूण डोक्यावरून ओढलं तरी काबुरुच. चष्म्याला काकेरु. भिंतीवर चित्र टांगायलाही हेच क्रियापद, त्यामुळे चष्मा कानांवर टांगायचा असं धरा, विसरणार नाही. अंगठी, घड्याळ, मास्क यांना साधं ‘सुरु’ (करणे) पुरतं.

काढताना कमी डोकेदुखी: किरु-हाकु-काबुरुवाल्या सगळ्याला नुगु. चष्मा, घड्याळ, अंगठीला मात्र तोरु किंवा हाझुसु.

पोटवाक्य
बुटांचं: हाकिमासु (हाकुचंच सभ्य रूप) म्हणजे ‘(एरवी) घालते’ किंवा ‘घालेन’. आत्ता पायात आहेत, तर ‘हाइते इमासु’. आपण ‘ताबेते इमासु = खातोय’ आधी शिकतो आणि प्रत्येक ‘-ते इमासु’ला ‘-तोय’ चिकटवतो, तिथे फसतो. ‘केक्कोन शिते इमासु’ म्हणजे ‘लग्न करतोय’ नव्हे, ‘लग्न झालंय’. ‘घातलेत’चंही तसंच: क्रिया संपली, स्थिती उरली.

चहाबाज
+१. आणि किरुचं ‘ते’ रूप (‘इमासु’, ‘कुदासाइ’च्या आधी येतं ते) जपून. घालणे आणि कापणे, दोन्हींचं मूळ रूप ‘किरु’. पण घालण्याचं किरु क्रियापदांच्या दुसऱ्या गटातलं, ‘रु’ गळून ‘किते’ होतं; कापण्याचं पहिल्या गटातलं, म्हणून ‘कित्ते’. ‘कोओतो ओ कित्ते कुदासाइ’ (कोट कापा) म्हणालात तर समोरचा कात्री शोधेल. त्या जोड ‘त्त’साठी एक पूर्ण मात्रा थांबायचं. शिवाय ‘कीते’ म्हणजे ऐकून, तिथे ‘की’ दोन मात्रांची. नकारात फरक ढळढळीत दिसतो: किनाइ (घालत नाही), किरानाइ (कापत नाही).

शिकाऊ_एन५
मग वनपीस? तो तर गुडघ्यापर्यंत येतो. आणि साडी?

पोटवाक्य
दोन्ही किरु. खाली कुठवर येतं ते बघू नका, धड झाकतं का ते बघा. आपण साडी नेसतो, तिकडे ‘सारीइ ओ किरु’. नेसणे-घालणे हा आपला भेद जपान्यांना शिकवताना त्यांचीही अशीच तारांबळ उडते म्हणा.